मनाची रोजकीर्द



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तेव्हापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या वस्त्यावस्त्यांतील विहारांतून परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. यंदाच्या वर्षावासात एका रविवारी ‘बौद्ध धम्मातील मनाचे स्थान’ या विषयावर बोलावे, असे आमच्या विहाराच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला सुचविले. आम्ही हौसेने होकार दिला. चार पुस्तके काढली, टिपणे केली. भाषण तयार होते. पण त्या रविवारच्या आधी जो गुरुवार आला त्याने आमची सगळी टिपणे निरुपयोगी करून टाकली. ती हकीकत आज सांगत आहोत. आपल्या घरची गोष्ट अशी चारचौघांत मांडावी का, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु मनाविषयी लिहायचे आणि स्वतःचे मन झाकून ठेवायचे, हे काही खरे नव्हे.

आम्ही एका कार्यालयाच्या लेखा शाखेत लिपिक आहोत. महिनाअखेर होती. बँकेचा ताळमेळ घेताना ९०० रुपयांचा फरक येत होता. हिशेबाचे काम करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. फरकाला नवाने नि:शेष भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. आम्ही एकेक नोंद तपासत गेलो आणि ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिलेले सापडले. अक्षर आमचेच, चूक आमचीच. आम्ही ती दुरुस्त करून कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी कागद पाहिला आणि शाखेतील सर्वांसमोर म्हणाले, “यांना कितीही शिकवा, यांच्या डोक्यात शिरायचं नाही. आयत्या नोकऱ्या मिळतात, मग असंच होणार.”

‘यांना’ म्हणजे कोणाला, हे शाखेत सर्वांना कळले. कोणी हसले नाही, पण कोणी काही बोललेही नाही. वीस वर्षांच्या नोकरीत आमचा पहिला शेरा त्या ९०० रुपयांमुळे पडला असता तर आम्ही मुकाट्याने मान्य केला असता. परंतु ते वाक्य चुकीबद्दल नव्हते, जातीबद्दल होते. आम्ही गप्प राहिलो. संध्याकाळपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत राहिले. बसमध्ये उभ्या उभ्या आम्ही साहेबांना निदान पन्नास उत्तरे दिली.

घरी आलो. आमची मुलगी नववीला आहे. ती बीजगणिताची वही घेऊन आली. “पप्पा, हे उत्तर येत नाहीये.” आम्ही पाहिले. उजवीकडची संख्या डावीकडे नेताना तिने चिन्ह बदलले नव्हते. एवढीच चूक. एकदा सांगितले. दुसऱ्या उदाहरणात तिने पुन्हा तेच केले. आणि आमच्या तोंडून शब्द बाहेर पडले, “तुला कितीही शिकव, तुझ्या डोक्यात शिरायचंच नाही!”

शब्द बाहेर पडताक्षणी आम्हाला ते ओळखू आले. दुपारी अकाउंटच्या टेबलावर जे ऐकले होते तेच शब्द होते. साहेबांचे वाक्य आम्ही जसेच्या तसे घरी आणले होते आणि आपल्या लेकीच्या पदरात घातले होते. मुलीने वही मिटली. “नाही विचारणार परत,” एवढेच म्हणाली आणि आत गेली. आमच्या पत्नी ओट्याजवळून म्हणाल्या, “अहो, कुणाचा राग कुणावर काढताय?” त्यांना कार्यालयातले काही माहीत नव्हते. तरी त्यांना दिसले. आम्हाला मात्र दिवसभर दिसले नव्हते.

त्या रात्री आम्ही टिपणांची वही पुन्हा उघडली. तेच मुद्दे आता वेगळे वाटू लागले.

संयुत्त निकायाच्या वेदना संयुत्तात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे शल्य, बाण. त्याचा आशय असा. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना होते. ती कोणालाच चुकत नाही. परंतु ज्याला धम्माचे शिक्षण नाही तो शोक करतो, संतापतो, मनात तीच गोष्ट घोळवत बसतो. म्हणजे पहिल्या बाणाच्या जागी आणखी एक बाण लागावा तसे त्याचे होते. शहाण्या श्रावकालाही पहिला बाण लागतो, पण दुसरा लागत नाही. आमच्या बाबतीत हिशेब मांडला तर पहिला बाण साहेबांनी मारला. बसमधला दुसरा बाण आम्ही स्वतःच मारून घेतला. आणि तिसरा? तो आम्ही मुलीला मारला. अपमान असाच वरून खाली झिरपत जातो. ज्यांच्यापर्यंत तो येऊन थांबतो ती बहुतेक वेळा घरातली बाई आणि घरातले मूल असते. मनाचा विचार म्हणजे रिकामपणचा उद्योग असे ज्यांना वाटते त्यांनी एवढा एकच हिशेब आपापल्या घरी करून पाहावा.

आता प्रश्न असा की हे मन म्हणजे काय? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले की शरीराच्या आत आत्मा नावाची एक अविनाशी वस्तू आहे. ती एका देहातून दुसऱ्या देहात जाते आणि पूर्वजन्मीच्या कर्माप्रमाणे उच्च वा नीच जन्म घेते. या एका कल्पनेवर जातीचा सारा डोलारा उभा राहिला. तथागतांनी तिच्या मुळावरच घाव घातला. सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात, अनत्तलक्खण सुत्तात, त्यांनी माणसाचे पाच स्कंध सांगितले: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. म्हणजे शरीर, सुखदुःखाची जाणीव, ओळखण्याची क्रिया, मनाचे घडलेले कल आणि जाणणे. या पाचांपैकी एकही नित्य नाही, एकही आपल्या हुकमतीत नाही. म्हणून यांपैकी कशालाही ‘हा माझा आत्मा’ म्हणता येत नाही.

इथे विज्ञान हा शब्द ‘सायन्स’ या अर्थाने घेऊ नये. पालीत विञ्ञाण म्हणजे जाणीव. या जाणिवेबद्दल मज्झिम निकायात एक प्रसंग आहे. साति नावाचा एक भिक्खू होता. तो कोळ्याचा मुलगा. तो म्हणू लागला की, एकच विज्ञान या जन्मातून त्या जन्मात भटकत राहते, असे भगवंतांनी शिकविले आहे. सोबतच्या भिक्खूंनी समजावले, तो ऐकेना. शेवटी बुद्धांनी त्याला बोलावून स्पष्ट सांगितले की आपण असे कधीही शिकविलेले नाही. कारणे असतील तर जाणीव उत्पन्न होते, कारणे नसतील तर होत नाही. डोळा आणि रूप यांच्यामुळे होते ते चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांच्यामुळे होते ते श्रोत्रविज्ञान. याचप्रमाणे नाक, जीभ, त्वचा आणि मन मिळून सहा प्रकार. दाखला दिला तो विस्तवाचा. लाकडाने पेटला तर लाकडाचा विस्तव, गवताने पेटला तर गवताचा, शेणीने पेटला तर शेणीचा. जळण संपले की विस्तव संपला. चुलीपुढे बसलेल्या कोणत्याही आजीला कळावा असा हा दाखला आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना हा प्रश्न टाळला नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांची अडचण वाचकांपुढे ठेवली आहे. मन हे सर्वांचे केंद्र आहे ही ओळख त्यांनी बुद्धांच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून नोंदविली आहे. जाणिवेचा उगम समजावताना त्यांनी भौतिकशास्त्राचे उदाहरण घेतले. जिथे विद्युत क्षेत्र असते तिथे त्याच्या सोबतीने चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, तशी शरीरासोबत जाणीव निर्माण होते. तिच्यासाठी वेगळा आत्मा मानण्याची गरज नाही. त्या जाणिवेचे काम त्यांनी तीन अंगांचे सांगितले: जाणणे, भावना होणे आणि इच्छा करणे. गुरुवारच्या आमच्या प्रकरणात ही तिन्ही अंगे एकामागून एक हजर होती. शब्द ऐकले, संताप झाला, आणि कोणाला तरी लागेल असे बोलावे अशी इच्छा झाली.

याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय, असे वाचक विचारतील. उपयोग मोठा आहे. आत्मा नित्य असेल तर ‘मी मुळातच रागीट’ म्हणून माणूस मोकळा होतो. राग कारणांनी येत असेल तर कारणे बघता येतात. आपली मराठी भाषाच पाहा. आपण ‘मी राग आहे’ असे म्हणत नाही, ‘मला राग आला’ असे म्हणतो. जो आला तो पाहुणा. पाहुणा आला की आधी तो कोण, कुठून आला, हे दारातच बघावे. त्याला न बघता घरात घेतले की तो घराचा मालक होऊन बसतो.

हे बघण्याची रीत बुद्धांनी सतिपट्ठान सुत्तात दिली आहे. कुरू देशातील कम्मासदम्म या गावी हा उपदेश झाला. सति म्हणजे जागरूकता, स्मृती. ती चार ठिकाणी ठेवायची: कायेवर, वेदनेवर, चित्तावर आणि धम्मावर, म्हणजे मनात उठणाऱ्या विषयांवर. त्यातील चित्ताच्या भागात आठ जोड्या, एकूण सोळा अवस्था सांगितल्या आहेत. चित्त आसक्त असेल तर आसक्त आहे असे जाणावे, नसेल तर नाही असे जाणावे. द्वेषयुक्त असेल तर द्वेषयुक्त आहे असे जाणावे, द्वेषरहित असेल तर तसे जाणावे. मोहाचेही तसेच, चित्त विखुरलेले आहे की आखडलेले याचेही तसेच. यातले मर्म असे की, ‘द्वेष आहे’ हे आधी फक्त जाणायचे. लगेच स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत आणि लगेच समर्थनही करायचे नाही. ताळमेळ घेताना आम्ही वहीवर चिडत नाही. चिडून फरक सापडत नसतो. एकेक नोंद पाहिली तरच सापडतो. स्वतःच्या मनाशी मात्र आम्ही इतकी साधी गोष्ट करीत नाही.

दुसरी रीत राहुलला दिलेल्या उपदेशात आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे बुद्ध आपल्या पुत्राला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल सांगतो, पाहण्यासाठी. तसेच शरीराचे, वाणीचे आणि मनाचे प्रत्येक कर्म पुन्हा पुन्हा पाहून करावे, असे बुद्ध त्याला सांगतात. करण्याआधी पाहावे, करताना पाहावे, केल्यानंतर पाहावे. कसोटी एकच: यात माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित आहे का? शरीराने वा वाणीने अहित होऊन गेले असेल तर ते शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यांपुढे उघड करावे आणि पुढे सावध राहावे. सम्राट अशोकांनी राजस्थानातील बैराट येथे मिळालेल्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिका अशा सर्वांनी वारंवार ऐकावेत म्हणून सात धम्मवचनांची नावे दिली आहेत. त्यांत राहुलला असत्याविषयी केलेला उपदेश आहे. घरातल्या मुलाला केलेला हा उपदेश एका सम्राटाला सगळ्या जनतेसाठी आवश्यक वाटला, हे आई-बापांनी ध्यानात घ्यावे.

रविवारी विहारात वंदना झाली आणि आम्ही बोलायला उभे राहिलो. टिपणे बाजूला ठेवून आम्ही गुरुवारची हकीकत सांगितली. आवाज थोडा दाटला. वाटले, राहुलच्या उपदेशाप्रमाणे आपण आपली चूक संघापुढे उघड केली, झाले. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका वयस्कर उपासिका म्हणाल्या, “भाऊ, आम्हाला सांगितलंस ते बरं केलंस. पण पोरीला सांगितलंस का?”

आम्ही निरुत्तर झालो. तीन दिवस आम्ही आमचे मन पाहत होतो, सुत्ते वाचत होतो, पण मुलीपुढे गेलो नव्हतो. बापाने लेकीपुढे वाकायचे कसे, हा अहंकार आड येत होता. आत्मा नाही हे आम्ही अर्धा तास समजावून सांगू शकत होतो. आमचा ‘मी’ मात्र जागचा हललेला नव्हता.

मागून एका तरुण कार्यकर्त्याने दुसरा प्रश्न टाकला. “सर, म्हणजे आपण मन बघत बसायचं आणि साहेबाचं बोलणं ऐकून घ्यायचं का? मग बाबासाहेबांनी संघर्ष करा म्हणून कशाला सांगितलं?” प्रश्न रास्त आहे. आपल्या चळवळीत तो पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि विचारला गेलाच पाहिजे. डोळे मिटून बसणे म्हणजेच धम्म, असे झाले तर अन्याय करणाऱ्याला त्याहून सोयीचे काय? परंतु मन पाहणे म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. अन्याय बाहेर आहे आणि त्याच्याशी लढायचे ते बाहेरच. मन पाहायचे ते यासाठी की आपला बाण चुकीच्या माणसाला लागू नये.

या ठिकाणी ब्रह्मदेशाच्या सयाजी ऊ बा खिन यांची आठवण होते. १८९९ साली रंगूनला जन्मलेले हे गृहस्थ महालेखापालांच्या कार्यालयात साधे लिपिक म्हणून लागले. १९४८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले. १९३७ पासून ते विपश्यनेचा अभ्यास करीत होते. पुढे त्यांनी आपल्या कार्यालयातच ती शिकविण्याची सोय केली. त्यांचेच शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. २०१३ साली गोएंकाजींचे निधन झाले. त्या पद्धतीविषयी आपल्या समाजात दोन्ही बाजूंनी मते आहेत. तो वाद आज इथे उकरायचा नाही. सांगायचे एवढेच की देशाचा जमाखर्च सांभाळणारा माणूस नोकरी न सोडता, संसार न सोडता मनाचाही हिशेब ठेवू शकला.

आम्ही पुढे काय केले तेही सांगतो. गुरुवारी रात्रीच आम्ही वरिष्ठांकडे द्यायला चार पाने तक्रार लिहिली होती. रविवारनंतर ती पुन्हा वाचली. तिच्यात साहेबांच्या स्वभावाची, खानदानाची, सगळ्याची वर्णने होती. फक्त तारीख नव्हती. आम्ही ती बाजूला ठेवली आणि अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला. दिनांक, वेळ, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, हजर असलेल्यांची नावे, आणि आपली मागणी. स्वतःची ९०० रुपयांची चूकही लिहिली. त्या दिवशी गप्प राहिलेल्या सहकाऱ्यांपैकी एकजण स्वतःहून म्हणाला, “साक्षीदार म्हणून माझं नाव घाल.” चार पानी अर्जावर त्याने नाव घालू दिले असते असे आम्हाला वाटत नाही. अर्जाची पोच आमच्याकडे आहे, निर्णय यायचा आहे. जो येईल त्यानुसार पुढचे पाऊल उचलू.

आणि मुलीचे? रविवारी दुपारी आम्ही तिच्याजवळ गेलो. कार्यालयात काय झाले ते सांगितले, ते वाक्य कुठून आले तेही सांगितले. “चूक माझी होती, मला माफ कर,” म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पप्पा, त्या साहेबांनी तुम्हाला बोललं तेव्हा तुम्हाला जसं वाटलं ना, तसंच मला वाटलं.” याच्याइतके नेमके भाष्य आम्हाला कोणत्याही टिपणात सापडले नव्हते. वही तिने त्या दिवशी आणली नाही. चार दिवसांनी आणली.

तेव्हापासून आमच्या घरी एक छोटीशी रीत सुरू आहे. रात्री जेवणानंतर पाच मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून शांत बसायचे. मग एका साध्या वहीत तीन रकाने भरायचे: आज काय घडले, तेव्हा मनात काय आले, त्यावर आपण काय केले. नियम एकच. दुसऱ्याचा दोष या वहीत लिहायचा नाही, त्यासाठी अर्ज असतो. आणि आलेला राग लिहिताना ‘मी रागावलो’ असे न लिहिता ‘राग आला, अमुक वेळ राहिला, गेला’ असे लिहायचे. महिनाभरात एक गोष्ट दिसली. आमचा राग बहुतेक वेळा संध्याकाळी, उपाशीपोटी आणि बसच्या गर्दीनंतर येतो. साति भिक्खूला सांगितलेले तेच. जळण दिसले की विस्तव कळतो. आता आम्ही घरी आल्यावर आधी हातपाय धुतो, दोन घास खातो, मगच मुलीची वही हातात घेतो.

एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. मन पाहणे हे औषधोपचाराच्या जागी नाही. घरात कोणाला दिवसेंदिवस झोप नसेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा झाल्याची भाषा तोंडी येत असेल, तर ‘ध्यान कर, बरे वाटेल’ म्हणून टाळू नये. डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, तिचा क्रमांक १४४१६. कारण असेल तर परिणाम असतो आणि कारणावर उपाय करायचा असतो, हेच तर तथागतांनी शिकविले. लाज बाळगण्याचे काही कारण नाही.

वाचकहो, बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो आपल्या माणसांना ताठ मानेने जगता यावे म्हणून. बाहेर ताठ मानेने जगणाऱ्याने घरात कोणाची मान खाली घालायला लावू नये. कार्यालयातला साहेब आपल्या अखत्यारीत नसतो. घरात शिरण्यापूर्वी उंबऱ्यावर क्षणभर थांबून, आपल्यासोबत कोण कोण आले आहे ते पाहणे मात्र आपल्या अखत्यारीत आहे. आज रात्री एवढे करून पाहा. पुढील अंकी पुन्हा भेटूच.

भवतु सब्ब मंगलं!